हसुरामच्या मांडवातला आगंतुक भटजी

फोन हसुरामच्या बायकोचा होता. "बाई, आमचं मानूस गेलं," एवढंच ती म्हणाली. सकाळचे नऊ वाजले होते, मी कुकर लावत होते. जासईजवळच्या कंटेनर यार्डात तो पहिल्या पाळीला गेला, एका कंटेनरच्या कडेला खाली बसला आणि उठलाच नाही. बावन्न वर्षांचा होता. याला आता सात आठवडे झाले. माणूस गेला की त्याच्या आठवणी हळूहळू गोड होतात, असं मला जो तो सांगतो. माझ्या झालेल्या नाहीत. मला राग आलेला आहे, आणि तो निवळायच्या आत हा लेख लिहून संपवायचा आहे.

हसुराम माझा विद्यार्थी. दहावीला माझ्याकडे मराठीला होता. 'माझा आवडता सण' या निबंधात त्याने होळीच्या वर्णनात एक खून घातला होता, आणि खुनी कोण ते शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलं नव्हतं. मी दहापैकी सात दिले आणि कान धरून विचारलं की हे कुठून सुचलं. पुढे तो यार्डात सर्वेयर झाला. बाहेरून आलेला प्रत्येक कंटेनर आत घेण्याआधी चारी बाजूंनी बघायचा, कुठे पोचा आहे, कुठे गंज आहे तिथे पिवळ्या खडूने खूण करायची, छापील फॉर्मवर लिहायचं आणि मगच सही करायची. न बघता सही केली की जुना पोचा आपल्या गळ्यात पडतो, असं तो सांगायचा. तो खडू कायम त्याच्या शर्टाच्या खिशात असे, आणि त्याच्या सगळ्या शर्टांच्या खिशांना पिवळा डाग होता.

मी निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलमधल्या माझ्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण सिनेमे बघायला जमू लागलो. बाकीच्यांना गंभीर काहीतरी हवं असायचं. हसुराम मात्र भुताचे सिनेमे आणायचा, तेही ज्यात मेलेलं माणूस परत येतं आणि एकेकाला कापून काढतं असले. सुरुवातीला मी नाक मुरडलं. पण सिनेमा संपला की तो वाया गेलेल्या फॉर्मांची पाठकोरी बाजू काढायचा, त्यावर पाच चौकटी आखायचा, आणि त्याच बघितलेल्या सिनेमाचा सांगाडा असा उलगडून दाखवायचा की पोह्यांच्या बश्या हातातच राहायच्या. पहिल्या चौकटीत जुना गुन्हा. दुसरीत त्या वेळी हजर असलेले आणि गप्प बसलेले लोक. तिसरीत परत येण्याचं निमित्त. चौथीत मरणाचा क्रम. पाचवीत, कोण वाचतं.

"बाई, भूत कवाच चुकीच्या मानसाला मारत नाय," तो म्हणायचा. "लोकांना वाटतं ज्याला त्याला मारत सुटलंय. नाय. पहिल्या धा मिनिटांत कोन कोन हजर व्हतं ते लिवून काढा. समद्यांनी पोचा बघितलेला असतो आन ठीक म्हनून सही केलेली असते. झाली यादी."

"आणि क्रम?" मी विचारलं होतं.

"जो लांबचा तो आदी. जो जवळचा तो शेवटी. भीती घराच्या दिशेनं चालत आली पायजे."

आणि जी मुलगी शेवटी वाचते ती चांगल्या वळणाची म्हणून वाचते, हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. त्याच्या मते, जे सगळ्यांनी दाबलं ते पहिल्यांदा मोठ्याने बोलणारं माणूस वाचतं. एखाद्या सिनेमात तसं नसेल तर तो पाचव्या चौकटीवर काट मारायचा आणि म्हणायचा, हा बांधताना हरला. मी तीस वर्षं मुलांना कथेची मांडणी शिकवली. पण मांडणीला नीती असते, हे मला माझ्या विद्यार्थ्याने माझ्याच दिवाणखान्यात शिकवलं.

मग त्याने स्वतःचा सिनेमा लिहिला. त्याची आजी धवलारीण होती. आगरी घरांत जुन्या रीतीने लग्न लावायचं ते धवलारणीने. ती धवळे गाते, हळदीच्या मांडवात देवांना बोलावते, आणि त्याच्या आजीची रीत अशी की घरातल्या मेलेल्या माणसांनाही ती एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायची. हसुरामने गोष्ट तिथेच सुरू केली. मिठागरं असलेल्या एका घरात हळद आहे. थोरली सून दोन वर्षांपूर्वी खाडीकाठच्या खाजणात बुडून मेली, खरं तर बुडवली गेली. घरचे धवलारणीला दटावतात, तिचं नाव घ्यायचं नाही. धवलारीण घाबरते, नाव गाळते. मांडवातल्या प्रत्येकाला कळतं की एक नाव राहिलं, आणि एकही जण तोंड उघडत नाही. मग ती येते, अंगावर सुकलेलं मीठ घेऊन. पहिला मरतो तो मांडव घालणारा, मग वाजंत्री, मग भावकी, असं करत करत ती थेट स्वतःच्या नवऱ्याच्या खोलीपर्यंत पोचते. शेवटी धवलारणीची नात भर मांडवात उभी राहून ते नाव हाक मारल्यासारखं गाते, आणि तिथे सिनेमा संपतो. त्याने हे मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

टाइप मी केलं, माझ्या कॉम्प्युटरवर, दोन महिने बसून. आणि त्यात एक आगाऊपणा केला. मी पडले सदाशिवपेठी माहेरची. लग्न म्हटलं की भटजी, एवढंच माझ्या डोक्यात. हळदीच्या प्रवेशात मांडवाच्या कोपऱ्यात मी एक भटजी उभा केला, लाल काठाचं उपरणं, हातात पितळी तांब्या, तोंडाने अवाक्षर नाही. हसुरामने ते पान वाचलं आणि पोट धरून हसला. "ह्यो कोन? याला कोनी बोलावला? आजीच्या मांडवात भटजी? बाई, काडा याला." मी हो म्हटलं आणि काढायला विसरले. फाइल तशीच राहिली.

ती फाइल मी ज्याला पाठवली तो माणूस आज दिग्दर्शक म्हणून मिरवतो. तेव्हा तो आमच्याच रविवारच्या बैठकीत येत असे, पोहे दोनदा घेत असे आणि हसुरामच्या चौकटींचे मोबाइलवर फोटो काढत असे. मीच त्याला म्हटलं, वाच आणि कुणाला दाखवता आलं तर बघ. दीड वर्षाने घरोघरच्या टीव्हीवर त्याचा सिनेमा आला. हळदीचा मांडव तोच. गाळलेलं नाव तेच. मरणाचा क्रमही तोच, लांबून जवळ. कथा, पटकथा, दिग्दर्शन या तिन्ही ठिकाणी त्याचंच नाव. आणि मांडवाच्या कोपऱ्यात लाल काठाचं उपरणं घेतलेला, पितळी तांब्या धरलेला, एक शब्दही न बोलणारा माझा भटजी! चोराला घरातलं खरं-खोटंही कळलं नव्हतं. उलट भटजी त्याला इतका आवडला की शेवट बदलून त्याने त्याच्याकडूनच तांब्यातलं पाणी शिंपडवलं आणि थोरल्या सुनेची राख करवली. धवलारणीला चेटकीण केलं. तिच्या नातीला नुसतं किंचाळायला ठेवलं. नाव कुणीच घेतलं नाही. ज्या बाईसाठी हसुरामने सगळा सिनेमा रचला, तिला या माणसाने दुसऱ्यांदा मारली.

आता माझं सांगते. तेव्हा माझी मुलगी त्याच्याकडे सहायक म्हणून लागून चार महिने झाले होते. फाइल माझ्याकडे होती. बोलले असते तर एका दिवसात त्याचं पितळ उघडं पडलं असतं. पुढच्या रविवारी हसुराम नेहमीच्या वेळेला आला, चप्पल काढली, खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमचा भटजी लय मोठा झाला." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो वाट बघत होता... मी म्हटलं, "चहा टाकू ना?" त्याने मान हलवली. चहा प्यायला, बशी धुऊन ठेवली आणि गेला. त्यानंतरही तो येत राहिला, पण फॉर्म आणि खडू खिशातून काढले नाहीत. 'ही गोष्ट तुझी आहे, मी सांगते' एवढं त्याला म्हणायचं राहिलं ते कायमचं राहिलं, आणि एवढी शिक्षा मला हवीच.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. दिग्दर्शक आले. मागच्या बॅनरवर त्यांचं नाव हसुरामच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. 'माझा प्रेक्षक गेला' असं म्हणून ते वीस मिनिटं स्वतःच्या सिनेमाविषयी बोलले. हॉलमध्ये रविवारचे आम्ही सगळे होतो. सगळ्यांना माहीत होतं, हसुरामच्या तोंडून ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. पोचा सगळ्यांना दिसत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत, टाळ्या! हसुरामची बायको पहिल्या रांगेत बसली होती, तिने एकटीने हात मांडीवरून उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. पिशवीतून पाठकोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. "तुमी तरी बोलाल असं वाटलं व्हतं," ती म्हणाली, आणि पाणीसुद्धा न घेता उठली. गठ्ठ्यात सगळ्यात वर नवीन कागद होता. त्याच पाच चौकटी. पहिलीत, 'माझी गोष्ट.' दुसरीत, हजर आणि गप्प, म्हणून रविवारच्या पाच जणांची नावं. माझं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा शोधलं. ते पाचव्या चौकटीत होतं, कोण वाचतं तिथे. 'बाई', आणि पुढे पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह. मुलीला दाखवलं. ती अजून त्याच्याकडेच आहे. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, माझ्या नावावर गप्प बसली होतीस ना? आता लिही. काढलं तर काढू दे मला."

म्हणून लिहिलं. लेखात मी माझ्या मुलीचं नाव घेतलं नाही, हसुरामच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं, घेतलं नाही, माझंही आत कुठे नाही. दिग्दर्शकांचं तर मुद्दाम गाळलं आहे. रविवारची पुरवणी उघडली की ते आधी स्वतःचं नाव शोधतात, मला ठाऊक आहे. आजही शोधतील, वरपासून खालपर्यंत. मांडवात सगळ्यांना हाक मारली आणि आपल्यालाच गाळलं की कसं वाटतं, ते त्यांना कळू दे. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. फाइल जपून ठेवली आहे, तिच्या दोन प्रती वहिनींकडे आणि वकिलांकडे आहेत.

कागद माझ्या टेबलावर आहे, त्याच्यावर वहिनींनी नंतर पाठवलेला पिवळा खडू. प्रश्नचिन्ह मी अजून खोडलेलं नाही. हा लेख छापून आला की खोडीन. तोवर, त्या सिनेमाच्या सुरुवातीला जे दिसायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते. कथा, पटकथा आणि संवाद: हसुराम जोमा म्हात्रे. भटजी तेवढा माझा.