बेडरूममधला साटम

साटम नावाचा माणूस आमच्या बेडरूममध्ये कधीही आलेला नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. चारकोपच्या आमच्या सोसायटीत अजून दोन घरं अशी आहेत, जिथे याबद्दल शंका आहे. (तिसऱ्या घराला पटलं, पण पटल्यावर त्यांची जरा निराशाच झाली.)

झालं असं की, मी रडते. दुःख झाल्यावर सगळेच रडतात, त्यात काय विशेष! मी भाजीवाल्याने "ताई, आज कोथिंबीर नाही हो" असं जरा उदास आवाजात सांगितलं तरी रडते. बारशाला रडते. दुसऱ्याच्या मुलाला सत्तर टक्के पडले तर त्याच्या आईच्या आधी रडते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला रडत चपात्या लाटताना बघून सासूबाईंनी शेजारी सांगितलं होतं, "पोर बरी आसा, पण नळ वायच गळता."

तर अशा या गळक्या नळाला आमच्या शेठनी सुपरवायझर केलं! इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांची खोकी बनवायचा आमचा छोटा कारखाना आहे. बारा वर्षं मी तिथे पॅकिंगला होते. आता चौदा माणसं माझ्या हाताखाली आली, आणि त्यातला एक साटम. साटम खोकी कापायच्या मशीनवर. पोरगा गुणी, हात सोन्याचा, पण रोज पाऊण तास उशिरा. त्याचं मशीन सुरू झाल्याशिवाय बाकी तेरा जणांना काम नाही, म्हणून ते बसून माझ्याकडे बघत.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला झापायला गेले. तो म्हणाला, "मॅडम, गोवंडीवरून येतो ना. आईचे गुडघे गेलेत. पाणी भरून ठेवतो आणि मग निघतो."

संपलं! माझ्या डोळ्यांसमोर त्याची आई, तिचे गुडघे, ती कळशी, सगळं उभं राहिलं. मी असा काही हंबरडा फोडला की साटमच घाबरला. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा आणला, पाठीवर कुणीतरी बाईमाणसाने हात फिरवावा म्हणून दोघींना बोलावून आणलं. मशीन आणखी अर्धा तास बंद.

संध्याकाळी शेठनी बोलावलं. "सुषमाबेन, दिल एकदम साफ आहे तुमचा. पण मशीन दिलवर नाय चालते. एक महिना बघतो. नायतर परत पॅकिंग."

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. आपली सून, आपली बायको सुपरवायझर झाली म्हणून सासूबाई आणि प्रकाश, माझा नवरा, इतके फुगले होते की टाचणी लावायचं धाडस होईना. मग एका दुपारी मोबाइलवर जाहिरात दिसली: 'अतिसंवेदनशील महिलांसाठी नेतृत्व प्रशिक्षण. तुमचे अश्रू हीच तुमची ताकद.' हे वाचून मला रडू आलं, म्हणजे कोर्स माझ्यासाठीच होता!

शनिवारी कारखाना दुपारीच सुटतो, म्हणून दर शनिवारी चार वाजता ऑनलाइन वर्ग. शिकवायला मुलुंडच्या अनघाताई, शिकायला आम्ही आठ जणी. घरी सांगितलं, "एक्सेलचा क्लास आहे." बेडरूमला आतून कडी घालायची, प्रकाशचे मोठे हेडफोन लॅपटॉपला जोडून कानाला लावायचे आणि बसायचं. (ते हेडफोन लावले की बाहेर ढोलताशा वाजला तरी कळत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.)

तिसऱ्या शनिवारी अनघाताई म्हणाल्या, "आज आपण आवाज मोकळा करायचा. ज्या माणसाला तुम्ही 'नाही' म्हणू शकला नाहीत, तो तुमच्या खोलीत, तुमच्यासमोर उभा आहे असं समजा. डोळे मिटा. मोठ्याने बोला. रडू आलं तर येऊ दे, पण बोलणं थांबवायचं नाही. आणि काहीही झालं तरी मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत!"

आम्ही आठही जणी आज्ञाधारक. सगळ्यांनी डोळे मिटले.

आता इथून पुढचं मला सासूबाईंकडून कळलं. त्या हे साभिनय सांगतात, आणि दर वेळी त्यात भर पडते.

त्या बाहेर कोलंबी सोलत होत्या. एकाएकी आतून सुनेचा आवाज आला, "साटम!! इकडे बघ माझ्याकडे!"

कोलंबी हातातच राहिली.

"माझं मन मऊ आहे म्हणून तू आजवर फायदा घेतलास! रोज उशिरा येतोस! मी तुझी वाट बघत बसते! लोक माझ्या तोंडाकडे बघतात, साटम!"

सासूबाई दारापाशी गेल्या. दाराला कडी. आतून हुंदके. "हे आता चालणार नाही! मी घरी नवऱ्याला पण काही बोलले नाही अजून!"

सासूबाईंनी दार ठोठावलं, हाका मारल्या. (हेडफोन!) मग प्रकाशला फोन केला. "झिला, आसशीत तसो ये! आत कोण तरी साटम आसा!"

"आत म्हणजे कुठे?"

"बेडरूमात! कडी लावन!"

प्रकाश लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि त्या दिवशी नशिबाने, की दुर्दैवाने, पुढच्याच सेक्टरमध्ये होता. सात मिनिटांत हत्यारांच्या पिशवीसकट हजर. तोवर शेजारचे निकम काका येऊन ठेपले होते. काका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या हातात फरशी पुसायचा वायपर होता.

"तळमजला आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "खिडकीतून शिरला असणार. मी गेल्या मीटिंगमध्येच ग्रिलचा विषय काढला होता."

"काका, गप्प बसा ना यार!" प्रकाशने दाराला कान लावला. आतून मी अगदी गळा काढून म्हणत होते, "तुला मी धाकट्या भावासारखं वागवलं रे!"

"बघ," प्रकाशचा जीव भांड्यात पडला. "भाऊ म्हणतेय."

"सुरुवातीला सगळे भाऊच म्हणतात," काका म्हणाले.

मग प्रकाशने पहार काढली. अडकलेल्या माणसांना लिफ्टमधून काढणं हा त्याचा रोजचा धंदा, त्यामुळे सवयीने तो दाराबाहेरून ओरडला, "मॅडम, घाबरू नका! दाराला टेकून उभ्या राहू नका!" सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, बायको ती तुजी!" आणि एक, दोन, तीन!

मला एवढंच जाणवलं की जमीन हादरली. पण अनघाताईंनी सांगितलं होतं, काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. मी नाही उघडले! बिजागऱ्यांसकट दार माझ्या पायापासून हातभर अंतरावर पडलं होतं आणि मी डोळे मिटून सांगत होते, "साटम, आता तू तरी जा, नाहीतर मी जाते!"

मग कुणीतरी हेडफोन वायरसकट ओढले.

डोळे उघडले तर समोर प्रकाश, हातात पहार. निकम काका पलंगाखाली वायपर घालून "बाहेर ये! बाहेर ये भडव्या!" म्हणत होते. सासूबाईंनी कपाट उघडून माझ्या साड्यांमागे हात घातला होता. कोलंबीचा हात! आणि दार पडल्याचा आवाज ऐकून लॅपटॉपवर सात बायका सात खिडक्यांतून किंचाळत होत्या; रडत तर त्या आधीपासूनच होत्या.

सासूबाईंचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. त्यांनी एकेक ओला चेहरा नीट न्याहाळला. त्यांचा हात छातीवर गेला.

"अरे देवा! ह्या सगळ्यांक त्याच साटमान फसवल्यान?"

एरवी अशा वेळी मी काय केलं असतं, हे मी सांगायला नको. डोळे भरले, सगळं वेळेवर सुरू झालं. पण तेवढ्यात निकम काकांनी वायपर बाजूला ठेवून माझ्या कपड्यांच्या खणाला हात घातला. आणि माझ्यातून एक आवाज निघाला, जो मी स्वतः आधी ऐकला नव्हता.

"काका, खण बंद! वायपर घ्या आणि घरी जा. आई, साड्या सोडा, आधी हात धुवा. प्रकाश, पहार खाली ठेव आणि ते दार उभं कर. साटम कारखान्यातला आहे! इथे कुणी नाही. चला! सगळे बाहेर!"

डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं, पण बोलणं थांबलं नाही. आणि आश्चर्य म्हणजे सगळे गेले! काका तर उंबऱ्यापाशी "सॉरी हां" पण म्हणाले. बारा वर्षांत त्या माणसाने कुणाला सॉरी म्हटलेलं नव्हतं.

"सुषमा!" अनघाताई स्क्रीनवरून ओरडल्या. "हेच! हाच आवाज!" सात जणींनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

रात्रीच्या जेवणापर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. प्रकाशला आणि सासूबाईंना परत आत बोलावलं आणि तिथेच, अजून पडलेल्याच दारावर बसून मी सगळं सांगून टाकलं. साटम, त्याची आई, शेठ, महिन्याची मुदत, आणि एक्सेलचा क्लास नाही ते. आता हसतील, म्हटलं. प्रकाश नुसता म्हणाला, "हात्तिच्या! मला वाटलं वाट लागली." आणि मटकन खाली बसला. पहार उचलणारा माणूस आतून एवढा घाबरला होता, हे बघून मला इतकं हलकं वाटलं!

सासूबाई माझ्या शेजारी दारावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माका आधी सांगलंस कित्याक नाय? मी पण रडतंय गो. कुकराची शिटी सुरू झाली की रडान घेतंय, कोणाक ऐकाक येना नाय." प्रकाश आईकडे बघतच राहिला. पंचावन्न वर्षांच्या संसारातल्या शिट्ट्या! त्या दिवशी आम्ही दोघी कुकर न लावता रडलो.

सोमवारी मी साटमसमोर उभी राहिले. "उद्यापासून आठ म्हणजे आठ. आईच्या पाण्यासाठी शेजारी कुणाला तरी सांग, नाहीतर मला सांग, आपण दुसरी पाळी बघू. पण तेरा माणसं तुझ्यासाठी बसून राहणार नाहीत."

"मॅडम," तो घाबरून म्हणाला, "तुम्ही रडताय."

"हो. ते माझं मी बघते. तू आठला ये."

आणि तो आला! दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सगळे दिवस. शेजारची मुलगी पाणी भरते म्हणे; याने तिला आधी कधी विचारलंच नव्हतं.

महिना भरला तेव्हा शेठनी वरच्या केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सुषमाबेन, पक्कं. सुपरवायझर तुम्हीच." मी त्यांना 'थँक्यू' म्हणायला तोंड उघडलं आणि जे व्हायचं ते झालं. तोंडाला पदर लावून, धाय मोकलून रडत मी केबिनमधून बाहेर धावले. खालच्या लोकांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, मॅडमना काढलं! साटमने मशीन बंद केलं. चौदाच्या चौदा माणसं केबिनमध्ये घुसली आणि म्हणाली, मॅडम नाहीत तर आम्ही पण नाही.

नेतृत्व म्हणतात ते हेच असावं. अख्खा कारखाना माझ्यामागे ठामपणे उभा होता. फक्त पुढे मी नव्हते. मी जिन्यात बसून नाक शिंकरत होते.