मामांनी टोपी काढली की

मामा हयात होते तोवर आमच्या गावच्या म्युनिसिपल कमिटीत एकही ठराव एकमताने पास झाला नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. हुकूम नागपुराहून येत, पण विरोध गावातच पिके आणि त्याला कधी दुष्काळ पडला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, धंद्याने अर्जनवीस. तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली सतरंजी टाकून बसायचे. वादीचा अर्ज लिहून झाला की प्रतिवादीलाही तितक्याच जोरात लिहून द्यायचे. "बाजू कोणाचीबी असो, अर्ज लंगडा नाही पाह्यजे," असे ते म्हणत. दोन्ही बाजूंनी मते दिली म्हणूनच हे गृहस्थ कमिटीवर निवडून आले, अशी गावात बोलवा होती.

विरोधाला उभे राहण्याची त्यांची एक रीत होती. डोक्यावरची काळी टोपी काढायची, खुर्चीवर ठेवायची आणि मगच तोंड उघडायचे. टोपी उतरलेली दिसली की प्रेसिडेंटसाहेब, एरवी मोठे नामांकित वकील, निमूटपणे पानाचा डबा उघडत. सडकेवर कंदील लावायचा ठराव आला तेव्हा टोपी उतरली. "उजेड पाहून कुत्रे रातभर भुकतील, मंग लोकायनं झोपाचं कवा?" हे पटून कंदील रद्द व्हायला आले, तशी टोपी पुन्हा उतरली. "अंधारात माणसं नालीत पडून राह्यले, त्याचं काय?" एकदा तर त्यांची स्वतःची सूचना एका मेंबराने चटकन उचलून धरली. मामांना त्यात काहीतरी काळेबेरे दिसले आणि त्यांनी आपलीच सूचना हाणून पाडली.

आत्या गेल्यावर मामा रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत. मी नुकताच हायस्कुलात मास्तर झालो होतो. आई आणि मी दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. वडील होते तोवर त्यांच्या बदल्यांपायी आईने उभा संसार परक्यांच्या घरात केला. लग्नात माहेरून आलेले एक दगडी उखळ तिने गावोगाव बैलगाडीतून वाहिले. पण उखळ जमिनीत पुरावे लागते, आणि कुठलाच घरमालक जमीन खणू देईना. ते बिचारे कोपऱ्यात उपडे पडून असे आणि मामा नेमके त्यावरच बसून चहा पीत.

अशात खामगावच्या सडकेलगतच्या माळावर प्लॉट पाडून नोकरदारांसाठी नवी वस्ती करायची टूम निघाली. आईने त्याच दिवशी मला अर्ज करायला लावला. तो मामांनीच लिहून दिला, मोत्यासारख्या अक्षरात. मग त्याच बोरूने, त्याच बैठकीत, त्यांनी वस्तीच्या विरोधातला अर्जही लिहून टाकला. कारण तो पोळ्याचा माळ होता. साऱ्या गावचे बैल तिथे तोरणाखाली उभे राहत आणि पोळा तिथेच फुटे. मामांच्या दारात बैल सोडाच, शेळीही नव्हती. पण पोळ्याच्या दिवशी नवी टोपी घालून ते सगळ्यांच्या पुढे असत, आणि कोणाच्या बैलाची झूल कशी आहे यावर दिवाळीपर्यंत बोलत.

"वहिनी, घर काय, कुठीबी बांधता येते. पोळा का तुमच्या अंगणात भरवाचा?" उखळावर बसून ते आईला विचारत.

"उठा बरं जवाईबापू," आई म्हणे, "उखळ पुसाचं हाय."

कमिटीत निम्मे मेंबर इकडे, निम्मे तिकडे. शेवटी मेंबरांनी माळावर जाऊन मौका पाहावा असे ठरले. तेव्हा मामांच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. घरे झाली तर बैलांना उभे राहायला जागा उरत नाही, हे मेंबरांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्यांनी आदल्या दिवशी चुन्याची फक्की घेऊन स्वतःच्या हाताने सगळी वस्ती माळावर आखली. अर्ज लंगडा न लिहिणारा माणूस हे काम तरी अर्धवट कसे करणार? खोल्या आखल्या, ओसऱ्या आखल्या, दारांसाठी फटीसुद्धा सोडल्या.

सकाळी मेंबर पोचले तर माळ अर्जदारांच्या घरच्या बायकांनी फुललेला. जिला तिला आपले घर सापडले होते. कोणी चूल कुठे मांडायची ते ठरवत होती, कोणी देवघराची दिशा बघत होती. दोघी शेजारणींचे तर सांडपाण्यावरून कडाक्याचे भांडण लागले होते, आणि मधली चुन्याची भिंत कोणीही ओलांडत नव्हते. आमची आई एका स्वयंपाकघरात उकिडवी बसून बोटाने मातीत एक गोल काढत होती.

मामा तरातरा तिच्याकडे निघाले. "वहिनी, हे काय करून राह्यल्या? म्या हे विरोधासाठी आखलं!"

आईने मानही वर केली नाही. "जवाईबापू, तिथं भिंत हाय. दारातून या."

मामा जागच्या जागी थांबले. एक पाय भिंतीच्या आत, एक बाहेर. आयुष्यात कोणाचे न ऐकलेला हा माणूस मागे फिरला, चुन्याच्या कडेकडेने चालत गेला, फटीपाशी वहाणा काढल्या आणि दारातून आत आला. आईने काढलेल्या गोलापाशी येऊन तो उभा राहिला.

"इथं उखळ?" त्यांनी विचारले.

"हाव."

मामा वाकले आणि आपल्या पायाने पुसलेली भिंतीची रेघ त्यांनी बोटाने नीट केली.

त्या आठवड्यातल्या सभेत टोपी उतरली. प्रेसिडेंटसाहेबांनी पानाचा डबा काढला. मामा म्हणाले, "आज मी माह्याच विरोधाले विरोध करून राह्यलो. वस्ती होऊ द्या. पण मधातली सडक अशी रुंद सोडा, का साऱ्या गावचे बैल दोन्ही अंगानं उभे राह्यले पाह्यजे अन् वर तोरण लागलं पाह्यजे."

"म्हणजे तुमचा ठरावाला पाठिंबा?" साहेबांच्या हातातले पान तसेच राहिले.

"पाठिंबा कोण म्हनते? पाठिंबा म्या कोणालेच देत नसतो!"

ठराव पास झाला, अर्थात मामांचे मत सोडून. त्यांनी स्वतःसाठी मात्र प्लॉट मागितला नाही. विरोधकाने प्लॉट घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. आमची वास्तुशांत झाली आणि उखळ जमिनीत गेले. संध्याकाळी मामा आले, सवयीने कोपऱ्याकडे वळले आणि उभेच राहिले. "वहिनी, तुम्ही त माही खुर्चीच पुरली," म्हणाले. आईने पाट मांडला. पण पाटावर बसून त्यांच्या भांडणाला पूर्वीची धार आली नाही, असे आपले मला वाटे. पोळ्याला तोरण आमच्या दारापुढेच लागू लागले आणि नव्या टोपीतले मामा त्याच्याखाली सगळ्यांत पुढे असत. ते दिवस फार चांगले होते.

मामा गेले तेव्हा कमिटीत दुखवट्याचा ठराव आला. मी ऐकायला गेलो होतो. प्रेसिडेंटसाहेबांनी ठराव वाचला, सवयीने पानाचा डबा उघडला आणि सवयीनेच विचारले, "कोणाचा विरोध?" सगळ्यांच्या माना एका खुर्चीकडे वळल्या. खुर्चीवर टोपी नव्हती. साहेबांनी डबा तसाच मिटला आणि ठराव एकमताने पास झाला.

घरी आलो तेव्हा आई उखळात मिरच्या कुटत होती. मी तिला सगळे सांगितले. तिचा हात थांबला.

"कोणीच नाही उठलं विरोधाले?"

"नाही."

तिने मुसळ भिंतीला टेकवून ठेवले आणि उखळाशेजारी खाली बसली.

"मंग खरंच गेले," ती म्हणाली.