चादरींच्या अंगणातला फुटबॉल

मावशी कुठेही उभी असली, की तिच्या पायाखाली काहीतरी गोल असायचं. ओट्यापाशी भाजी चिरताना ती टोपलीतला एक बटाटा खाली घ्यायची, चप्पल बाजूला सारायची आणि तळव्याखाली तो बटाटा हळूहळू फिरवत राहायची. पुढे, मागे, आडवा, पुन्हा पुढे. वर हातांचं काम चालू, खाली पायाचं. दोघांनी एकमेकांत लक्ष घालायचं नाही, असा जणू करारच होता.

"अगं, तो भाजीत घालायचाय!" आजी ओरडायची.

"धुऊनच घालणार ना, आई. माझा धंदाच धुण्याचा आहे."

ते खरंच होतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती कामाला होती. पुढच्या खोलीत मळलेल्या कपड्यांचे ढीग, मधल्या खोलीत दिवसभर पोटात पाणी घुसळणारी यंत्रं, आणि मागे अंगण. सिमेंटचं, तीन बाजूंना भिंती असलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ओढलेलं. ऊन असेल तोवर चादरी बाहेरच वाळल्या पाहिजेत, असा मालकीणबाईंचा हट्ट होता. उन्हाचा वास यंत्राला देता येत नाही, असं त्या म्हणत.

मावशी ऐन पंचविशीत असताना ती यंत्रं लाँड्रीत आली आणि ती बसवायला एक मेकॅनिक आला. ब्राझीलचा. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि त्याची कुणालाच येत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तो जुने टॉवेल घट्ट गुंडाळायचा, उशीच्या अभ्र्यात कोंबून शिवायचा आणि त्या जड, न उसळणाऱ्या चेंडूशी अंगणात एकटाच खेळायचा. बायका डबे उघडून बघत बसायच्या. एके दिवशी चेंडू घरंगळत मावशीच्या पायाशी आला आणि तिने तो दणकून परत मारला. मेकॅनिकने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तिच्यासमोर येऊन, कमरेवर हात ठेवून तो नुसता डोलला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "जिंगा," तो म्हणाला.

त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नाही. तिने तो बघून बघून काढला. कंबर आधी निघते, समोरचा माणूस कमरेमागे जातो, आणि चेंडू मात्र भलतीकडेच गेलेला असतो. चेंडूला मारायचं नाही, त्याला सोबत घ्यायचं. द्यायचा, पुढे जायचं, परत घ्यायचा. यंत्रं सुरळीत चालू लागल्यावर मेकॅनिक निघून गेला. मावशीने लग्न केलं नाही, आणि त्याचा मेकॅनिकशी काडीचाही संबंध नाही, हे कुणी विचारायच्या आत ती स्वतःच सांगून टाकायची.

पोरं जमली ती पुढे पुष्कळ वर्षांनी, आणि आपोआप. इस्त्रीवाल्या ताईंची मुलगी शाळा सुटल्यावर आईची वाट बघत अंगणात बसायची. तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे भाऊ आले. मावशीने टॉवेलांचा नवा चेंडू शिवला. मालकीणबाईंनी परवानगी दिली ती एका अटीवर: चादरीला डाग पडता कामा नये. म्हणून मावशीचे दोन नियम झाले. चेंडू गुडघ्याच्या वर उडवायचा नाही. आणि चादरीला चेंडू लागला, तर ज्याचा पाय त्याने ती चादर हाताने धुवायची.

संध्याकाळी अंगणाच्या दारातून बघावं, तर पोरं दिसायचीच नाहीत. नुसत्या पांढऱ्या चादरी, मंद हलणाऱ्या, आणि त्यांच्या खाली पायच पाय. अनवाणी, धुळीने माखलेले, डोलणारे. मध्येच एखादी चादर थरथरायची आणि मावशीचा आवाज यायचा, "ढब्बू, साबण कुठे ठेवलाय माहितीये ना?"

ढब्बू गोलकीपर होता, आणि त्या अंगणातल्या निम्म्या चादरी त्याने एकट्याने धुतल्या होत्या.

तिथून सगळं बिघडलं ते पोरं चांगली खेळायला लागल्यामुळे. गावातल्या क्लबने बारा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा ठेवली. संघ कमी पडत होते. मावशीने आपल्या संघाचं नाव दिलं. क्लबने बूट दिले, निळे शर्ट दिले, खरेखुरे चेंडू दिले आणि सामन्यांसाठी मोकळं, हिरवं, भलंमोठं मैदान दिलं. त्या मैदानावर पहिल्या सामन्यात पोरांनी नऊ गोल खाल्ले.

दुसऱ्यात सात. बघणाऱ्याला कळेना की हे काय चाललंय. एकेकाच्या पायात इतकी कला, की समोरचा पोरगा गोल फिरून स्वतःच बसायचा. आणि मग तीच कलाकार मंडळी चेंडू थेट दुसऱ्या संघाच्या पायात नेऊन द्यायची. उंच चेंडू आला, की सगळी मान खाली घालून तो पडायची वाट बघत उभी.

औषधवाले प्रत्येक सामन्याला यायचे. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, आणि त्यांची मुलगी, जिला सगळे पेन्सिल म्हणत, संघात होती. चौथ्या पराभवानंतर ते क्लबच्या सेक्रेटरींना घेऊनच मावशीपाशी आले.

"मावशी, राग मानू नका. पण आमची पोरं नाचतात हो नुसती. सामना आहे की स्नेहसंमेलन?"

"शिकतायत."

"शिकून होईपर्यंत मोठी होतील. ते सर आहेत ना, पलीकडच्या शाळेचे, ते तयार आहेत. लांब मारा आणि पळा, एवढंच शिकवतात, पण जिंकतात."

सेक्रेटरी भले गृहस्थ होते, बुटाच्या टोकाने गवत उकरत बोलले. "शेवटचा सामना राहिलाय. तोही हरलात, तर पालकांचं ऐकावं लागेल मला. संघ सरांकडे जाईल. निदान बरोबरीत सोडवा, मग मी बघतो कोण काय बोलतं ते."

मावशीने मान हलवली. घरी आली, जेवली नाही. आजीने विचारलं तर म्हणाली, "भूक नाही." आणि जरा वेळाने, भिंतीकडे बघत, "लांब मारायला शिकवलं ना त्यांना, तर ती पुन्हा अंगणात कधी येणारच नाहीत, आई. अंगणात लांब कुठे मारणार?"

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीवाल्या ताईंबरोबर चादरींच्या घड्या घालत होती. हे काम दोघींचं. दोघी चादरीची टोकं धरून समोरासमोर उभ्या राहतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, एक आपली टोकं दुसरीच्या हातात देते, खाली वाकून घडी उचलते, मागे जाते. दे, ये, घे. वर्षानुवर्षं करून त्या दोघींना त्याची लयच लागली होती. पण त्या दिवशी लागोपाठ दोनदा चादर जमिनीवर पडली.

"अगं, लक्ष कुठाय?" ताई वैतागल्या. "खाली काय बघतेस? जमिनीवर काय सोनं सांडलंय? माझ्याकडे बघ ना!"

मावशी तशीच उभी राहिली, हातात एक टोक धरून.

"काय झालं?"

"ताई, पोरांना मीच आंधळं केलंय गं."

चादरी गुडघ्यापर्यंत लोंबायच्या. अंगणात खेळताना चेहरे दिसायचेच नाहीत, दिसायचे ते फक्त पाय. कुणाला चेंडू द्यायचा, हे पोरं पाय ओळखून ठरवायची: हा अंगठा वाकडा, तो आपला, त्या घोट्याला काळा दोरा, तीही आपली. मैदानावर सगळ्यांचे पाय बुटांत होते. सगळे बूट सारखे. आणि शर्टाचा रंग बघायला मान वर करावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई आधी हसल्या, मग हसू आवरेना म्हणून खालीच बसल्या. "म्हणजे ढब्बू त्या दिवशी दुसऱ्या संघाच्या पोराला चेंडू देऊन शाबासकी मागत होता, ते..."

"हसू नकोस गं!" म्हणता म्हणता मावशीलाही फुटलं. चार पराभवांनंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

त्या संध्याकाळी पोरं आली, तेव्हा तारा रिकाम्या होत्या आणि चादरींचा ढीग कट्ट्यावर. मावशीने जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीला एक चादर आणि पायाखाली खरा, उसळणारा चेंडू.

"घडी घालायची. चेंडू पायातून सुटता कामा नये, आणि एकमेकांच्या तोंडावरून नजर हलता कामा नये."

"मावशी, हिचं तोंड किती वेळ बघायचं?" ढब्बू कळवळून म्हणाला.

"तुझं मला बघावं लागतंय, त्याचं काय?" पेन्सिल म्हणाली.

पहिल्या दिवशी घड्या कमी आणि गाठी जास्त झाल्या. पण चादर ताणलेली असली, की समोरच्याचा कल हातालाच कळतो. हळूहळू माना वर राहू लागल्या. पाय काय करायचं ते करतच होते; त्यांना कुणी सांगायची गरज कधीच नव्हती. मग मावशीने चादरी काढून घेतल्या आणि जोड्या तशाच ठेवल्या. दे, ये, घे. उंच चेंडूसाठी मात्र फारसा वेळ उरला नाही.

शेवटच्या सामन्यात पहिला गोल उंच चेंडूवरच बसला. ढब्बू खाली, चेंडू वर, आणि मग चेंडू जाळीत. मध्यंतराला औषधवाले धावत आले.

"मावशी, अजून वेळ गेली नाही! सांगा त्यांना, लांब मारा. एक लागला तरी पुरे!"

पोरं पाणी पीत तिच्याकडे बघत होती. मावशीने तोंड उघडलं. एकच गोल हवा होता. लांब मारून तो मिळेलही. पोरांना सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं. तिचं सगळंच ऐकत आली होती ती, म्हणूनच तर एवढा घोटाळा झाला होता.

"एकमेकांकडे बघा," ती शेवटी म्हणाली. "बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

औषधवाल्यांनी कपाळाला हात लावला.

उत्तरार्धात बराच वेळ काही घडलं नाही. मग मैदानाच्या मध्यावर पेन्सिलला चेंडू मिळाला. तिची मान वर होती. ती डावीकडे डोलली, समोरचा पोरगा डावीकडे गेला, आणि चेंडू उजवीकडे ताईंच्या मुलीकडे पोचला. पेन्सिल पुढे धावली, चेंडू तिच्यापुढे आला, तिने तो पुन्हा दिला, पुन्हा घेतला. दोघींनी खाली एकदाही पाहिलं नाही. जणू मध्ये एक चादर होती आणि ती जमिनीला टेकू द्यायची नव्हती. पेन्सिलने चेंडू गवतावरूनच गोलात सरकवला, इतका हळू की जाळीही हलली नाही. पंचांनी शिट्टी वाजवेपर्यंत कुणालाच खात्री नव्हती.

एक-एक. आता एवढंच सांभाळायचं होतं.

अगदी शेवटी आपल्याच पोराने मागे दिलेला, म्हणून हातात घेता न येणारा चेंडू ढब्बूकडे आला, त्याच्याच गोलासमोर. समोरून दोघे धावत आले. "मार! उडव!" औषधवाले किंचाळले. ढब्बूने चेंडू तळव्याखाली घेतला, मान वर केली, बघितलं, आणि चेंडू शांतपणे बाजूच्या निळ्या शर्टाकडे ढकलला. तो जरासा कमी पडला. धावत आलेल्या पोराने तो मध्येच घेतला आणि मारला.

मावशीने डोळे मिटले. लोखंडावर काहीतरी ठण्णकन आदळल्याचा आवाज आला. तिने डोळे उघडले तेव्हा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला होता, ढब्बू खांबाला मिठी मारून उभा होता, आणि पंच घड्याळ बघत शिट्टी वाजवत होते.

तिचा जीव भांड्यात पडला. ती बसली ती थेट गवतावरच. ताई तिच्या शेजारी बसून रडत होत्या की हसत होत्या, ते कळत नव्हतं. पोरं आधी कुणाच्या अंगावर पडायचं याचा वाद घालत तिच्याच अंगावर पडली. सेक्रेटरी आले, त्यांनी वाकून तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "संघ तुमचाच. आता मी घरी जाऊन झोपतो."

औषधवाले जरा लांबच रेंगाळत होते. मग आले.

"तो शेवटचा चेंडू... मी म्हणत होतो उडव, ते..."

"बरोबरच होतं तुमचं," मावशी म्हणाली. "तेवढा एक उडवायलाच हवा होता. शिकवीन त्याला."

ते मोठ्याने हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "चला, घरी सोडतो तुम्हाला. गाडी आहे."

गाडीत पुढे मावशी, मागे पेन्सिल, ताई आणि ताईंची मुलगी, आणि घर त्याच वाटेवर आहे म्हणून ढब्बू, जो सुटल्या सुटल्या बूट काढून मोकळा झाला होता. औषधवाल्यांनी हीटर लावला होता. बोलता बोलता सगळ्यांची बडबड विरली. पेन्सिल बापाच्या सीटला डोकं टेकून झोपली. मावशी काचेबाहेर जाणारे दिवे बघत राहिली, पाय लांब सोडून, हात मांडीवर उघडे टाकून; कितीतरी दिवसांनी तिच्या हातांना काही काम नव्हतं.

मग ती जराशी सावरून बसली आणि औषधवाल्यांना म्हणाली, "खिडकी थोडी खाली करता का हो? मागे कुणाच्या तरी मोज्यांचा फार वास येतोय."