माझं पुशअप आन् आण्णांची ट्रॉली

आमच्या कळस गावच्या कबड्डीच्या ग्राऊंडवर कुनी एक किस्सा सांगाया घेतला, की चार जण मधी तोंड घालत्यात आन् घरी जाईस्तवर त्याचं पाच हुत्यात. माझ्या पुशअपचं तर लोकांनी इतकं केल्यात की खरं काय झालं ते मलाच सांगावं लागतंय. तुमी बसा. मला एका जागी बसवत न्हाय, मी हुबा राहून सांगतो.

सुरवात माझ्याच जिभंनं झाली. सागरदादा आमच्या टीमचा कॅप्टन. तो पोरांकडनं पुशअप मारून घेत हुता आन् मी कट्ट्यावर बसून मीठ लावून कैरी खात हुतो. मी म्हनलं, "ह्यात काय अवघड हाय दादा? पालथं झोपायचं आन् उठायचं. मी रोज सकाळी तेच करतो की!"

सगळी हसली. सागरदादा न्हाय हसला.

"यात्रंच्या दिवशी ईस मारून दाव. दरवेळी छाती माझ्या मुठीला टेकली पायजे. मारलंस तर डाळज गावच्या मॅचला टीममधी. न्हाय जमलं तर चपला राखायच्या!"

ही आमच्यातली रीत हाय. मॅच चालू असली की एक जण बाहेर बसून सगळ्यांच्या चपला आन् मोबाईल राखतो. एकदा का त्या ढिगापाशी बसला, की गाव त्याला वर्षभर 'शोरूम' म्हनतं. गेल्या यात्रंपास्नं शोरूम म्हंजी माझा जिगरी, गण्या. मी हरलो तर शोरूम मी, आन् माझ्या जागी टीममधी गण्या!

"घेतली पैज!" मी म्हनलं. कैरी गिळायच्या आधीच.

गण्यानं पाठीवर थाप मारली. "भावा, मी हाय तुझ्यासंगं." लई प्रेमानं.

*

त्याच दिवशी सांजच्याला ग्राऊंडवर पयला ट्राय मारला. हात टेकलं, पाय ताणलं, खाली गेलो. गेलो ते गेलोच!

नाकात माती. वर यायचं नावच न्हाय.

गण्या माझ्या कानापाशी वाकला आन् म्हनला, "झोप लागली का रं?"

*

मग आमी दोघं बारामतीला गेलो, एका जिममधी. आत सगळी पोरं आरशात स्वतःलाच बघत्यात. ट्रेनर म्हनला, "एक मारून दाखव." मी नाकावर पडून दाखवला.

तो भला मानूस. म्हनला, "आधी भिंतीवर हात ठेवून मार. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर. हात जेवढं खाली, तेवढं अवघड. एक उंची जमली की थोडं खाली यायचं, असं करत जमिनीवर."

मी आरशात माझा दंड शोधत हुतो. गण्या मातर कान टवकारून ऐकत हुता. मला वाटलं, दोस्त असावा तर असा!

*

भिंत म्हनल्यावर मला शाळंची मागची भिंत बरी वाटली. रिकामी, कुनी बघाय न्हाय. सकाळ सकाळ जाऊन धा मारलं. बिगर नाक आपटता!

दुपारी सरांचा फोन. आण्णांना. आण्णा म्हंजी माझा बाप.

भिंतीला आदल्या सांजच्यालाच पिवळा ऑइलपेंट दिल्याला, अजून ओलाच. त्यावर बरोबर छातीएवढ्या उंचीला दोन पंजं! सरांनी सगळ्या पोरांना रांगंत हुबं केलं आन् एकेकाला पंजा लावून बघायला सांगितलं. माझा नंबर आला तेव्हा मी खिशातनं हातच काढंना.

सर म्हनलं, "हात काढ."

"थंडी वाजतीया सर."

चैतातल्या उन्हात! सगळा वर्ग हसला, आन् माझी पॅन्ट आतनं पिवळी झाली ती झालीच.

*

भिंत संपली. मग घरचीच ट्रॉली धरली. साखर कारखान्याचा सीझन संपला की आमची दोन चाकाची ट्रॉली गोठ्याम्होरं हुबी असती. ट्रॅक्टर सोडल्याला, म्हनून पुढची दांडी जॅकवर टेकवल्याली. त्या दांडीवर हात ठेवायचं. बरोबर गुडघ्याएवढी!

पयल्या आठवड्यात आठ जमलं. मी गावभर सांगत सुटलो.

दुसऱ्या आठवड्यात बी आठच. तिसऱ्यात बी आठ!

माझं डोस्कं फिरलं. जेवताना पाय हलायचा, ताट वाजायचं. झोप न्हाय. एस्टीत सीटच्या दांड्याला धरून मारलं तर कंडक्टर म्हनला, "खाली उतरून ढकल, गाडी तरी पुढं जाईल!" सागरदादा बघाय आला तर म्हनतो, "बूड खाली घे. तंबू ठोकलायस का?"

रोज आठ-आठच्या चार बाऱ्या, रोज अंग दुखायचं, रोज घाम गळायचा आन् आकडा हलंना. गण्या मातर रोज सांजच्याला घरी यायचा. "किती झालं रं?"

"आठ."

"हुईल, हुईल," म्हनायचा आन् म्हशीला गोंजारायला गोठ्याकडं जायचा. त्याला जनावराची एवढी माया कवापास्नं झाली, हे मी इचारलंच न्हाय.

*

मधीच लिंबाचं झालं. आईनं लोणच्याची लिंबं मिठात घोळून ट्रॉलीत वाळत घातली. कोंबड्या पोचत न्हायत म्हनून. सकाळी सगळीकडं पसरली, दुपारी बघती तर सगळी लिंबं पुढच्या फळीला!

परत पसरली. परत पुढं!

"ओंक्या! लिंबं काय गोट्या वाटल्या व्हय रं?"

"आई, तुझी शप्पत, मी न्हाय."

"माझी शप्पत घेतो म्हंजी तूच."

आजवर मी घरात कायकाय केलंय. दुधात निळ टाकलीया, आण्णांच्या चपला छपरावर फेकल्यात. त्यातल्या निम्म्याचा कुनाला पत्ता न्हाय. आन् जे केलं न्हाय त्याचा मार खाल्ला!

*

त्यानंतर चाकं. एके सकाळी ट्रॉलीची दोन्ही चाकं बसल्याली. हवाच न्हाय.

आण्णांनी काय इचारलं बी न्हाय. सरळ कानाखाली.

"आण्णा, मी न्हाय हो!"

"मग काय कोंबड्यांनी सोडली?"

मला खरं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं ते मला नीट बोलताच येईना. जेवढं खरं सांगावं तेवढं खोटं वाटत हुतं.

*

यात्रंचा दिवस. डाळजला आमच्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीतनं जायचं ठरल्यालं, म्हनून टीम आमच्या अंगणात गोळा झाली. सागरदादानं जमिनीवर मूठ ठेवली. "चल."

दांडीवर आठ, मग जमिनीवर काय हुनार? गण्यानं तर माझ्यासाठी बारदान आनलं हुतं. चपलांपाशी बसाय.

खाली गेलो. मूठ लागली. वर आलो!

परत. परत. आठ झालं, नऊ झालं. पोरं मोजाया लागली. पंधराला डोळ्याम्होरं काजवं. शेवटच्याला हात इतकं थरथरलं की आई ओट्यावरनं वरडली, "आरं, सोडा त्याला!" पन आलो वर.

ईस!

सागरदादानं मला उचाललं. "टीममधी!"

आन् तेवढ्यात आण्णा ट्रॅक्टर माघारी घेत आलं. ट्रॅक्टरचा हूक वर, ट्रॉलीची दांडी खाली मातीत, जोडायची कशी! जॅक पार तळाला गेल्याला. आण्णांनी जॅक बघितला. मग मला बघितलं. रोज दांडीवर मीच लोंबकळत असतो, हे अख्ख्या घराला ठाव.

"लिंबं तू, चाकं तू, आन् आता जॅक बी तूच! न्हाय जायचं मॅचला. घरी बस!"

"आण्णा, मी न्हाय..."

कुनी ऐकंना. सागरदादानं बी मान खाली घातली. बापापुढं कॅप्टन काय बोलनार? मग तो वळला. "गण्या, जर्सी घाल."

गण्याला वर्षभर जी पायजे हुती ती जर्सी हातात आली. त्यानं डोक्यातनं घातली. एक हात बाहीत गेला. दुसरा काय जाईना. तसाच अर्धा अडकून हुबा.

"आण्णा," जर्सीच्या आतनं आवाज आला. "जॅक मी फिरवला."

आण्णा ट्रॅक्टरवरनं खाली उतरलं.

"रोज सांजच्याला थोडा थोडा खाली करायचो. ट्रेनर म्हनला हुता, हात जेवढं खाली तेवढं अवघड. मला वाटलं, ह्याला जमायचंच न्हाय." त्यानं तोंड बाहेर काढलं. "ह्यो बैल रोज आठ मारतच ऱ्हायला!"

मी त्याच्या अंगावर धावनार, तेवढ्यात आण्णा गरजलं, "आन् चाकातली हवा? ती बी तूच सोडली व्हय रं?"

"न्हाय आण्णा, हवा तुमीच सोडली की. ट्रॉली पुढं झुकलीया म्हनून मागनं लेव्हल कराय गेला, तर सगळीच गेली. मी म्हशीमागं लपलो हुतो."

सगळ्या टीमनं आण्णांकडं बघितलं. आईनं बघितलं. मी तर बघितलंच, गालावर हात ठेवून.

आण्णांनी टोपी काढली, झटाकली, परत घातली.

"मी निघतो," म्हनलं. "म्हशीची धार काढायची ऱ्हायलीया."

दुपारचं बारा वाजलं हुतं.