वसईची बाई ऐकत बसते

दोन हजार सहा साली वसईची रुझायबाई, निवृत्त नर्स, शेलार गावात भाड्याच्या खोलीत राहायला आली. त्याच आठवड्यात शेजारच्या कमळने ठरवून टाकलं, ही बाई कुणाची तरी एजंट आहे. गावाभोवती तेव्हा गोदामं उठत होती. जमिनीचे दलाल असेच ओट्यावर बसायचे, घरच्यांची विचारपूस करायचे आणि उठताना कागदावर अंगठा घेऊन जायचे. रुझायबाईही तशीच येऊन बसायची, पण काही मागत नव्हती. कमळला त्याचीच जास्त धास्ती.

रोज सकाळी बाई दार सताड उघडं टाकून क्रुसासमोर डोळे मिटून बसे. ना गाणं, ना पोथी. कमळ भांडी घासायच्या निमित्ताने पाळत ठेवी. बाटवाबाटवीचं काही दिसेना, तेव्हा तिने सरळच विचारलं.

"आधी देवाचं ऐकते, मग शेजाऱ्यांचं," बाई म्हणाली.

देवाचं ऐकायला वसईत काय कमी चर्च आहेत? कमळला काही ते पटलं नाही. बाई ओट्यावर आली की ती तोंडाला कुलूप लावी. शेवटी पीडा टळावी म्हणून तिने नाल्यापलीकडची यंत्रमागावरच्या लूम कामगारांची चाळ दाखवली. तिथे रडगाणी भरपूर, बस म्हणावं ऐकत.

बाई खरंच रोज जाऊ लागली. पावसाळा सरत आला तेव्हा ती कमळला म्हणाली, एकदा माझ्याबरोबर चल. कशाला, ते सांगेना. आता हिचा डाव उघडा पडणार, या खात्रीने कमळ निघाली.

चाळीत हबीबा नावाच्या कामगारणीच्या घरात घोट्याएवढं पाणी होतं. खाटेवर पोर तापाने निपचित पडलेलं. रुझायबाई एका कडेला गप्प बसली. कमळ पदर सावरत दारातच उभी राहिली. मग हबीबाच बोलली.

"काकी, तुमच्या प्रितेशनं गोदामासाठी नाल्यात भराव टाकला. तवापासून पानी आमच्या घरात. बोललो तर दम देतो, खोली खाली करा. आमी कधी जातो, ते बघायला आल्या का तुमी?"

कमळचा चेहरा उतरला. तो भराव तिने रोज पाहिला होता, लेकाची भरभराट म्हणून चारचौघींत मिरवलाही होता. तिला रुझायबाईचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

घरी प्रितेश जेवत होता. नाला मोकळा कर म्हटल्यावर तो हसला. त्या बाईने तुझं डोकं फिरवलंय, म्हणाला.

"ती एक शबुद बोलली न्हाय," कमळ म्हणाली. "गोदामाची जमीन माझ्या नावावर हाय. उद्या जेसीबी बोलाव, न्हायतर हबीबाला घेऊन मीच पंचायतीत जाते तुझ्या विरुद्ध."