पुढचा ब्रेक

आमच्या घरातल्या सायकलला पुढचा ब्रेक नव्हता. म्हणजे विकत घेताना होता, पण वडिलांनी पहिल्याच दिवशी पाना आणून तो काढला आणि रबरं एका डब्यात ठेवून दिली. बीडकडच्या आमच्या गावात त्यांचा चुलतभाऊ उतारावर पुढचा ब्रेक दाबून तोंडावर पडला होता आणि त्याचे समोरचे चार दात गेले होते. तेव्हापासून वडिलांच्या लेखी पुढचा ब्रेक आणि विहिरीचा काठ यांत फरक नव्हता. मी सायकल शिकलो ती याच मंत्रावर. पुढचा दाबलास की थेट नाकावर. आमच्या आळीतला प्रत्येक बाप आपल्या पोराला हेच शिकवायचा, त्यामुळे त्यात काही खोट असेल अशी शंका मला कधी आली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. आम्ही नेरूळला राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. वडील एका कार्यालयात शिपाई होते आणि मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो. दिवसभर लोखंडाचे गज, ट्रकांचे नंबर आणि ड्रायव्हरांच्या शिव्या. अशा माणसाला स्वप्नं पडू नयेत, पण मला एकच पडायचं. त्या वेळी साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची एक मोटरसायकल निघाली होती. ती आमच्या ट्रकांच्या यार्डासमोरून गेली की आम्ही सगळे कारकून पेन टाकून दाराशी यायचो. ती दिसेपर्यंत निघून गेलेली असायची, नुसता धूर उरायचा. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. जुनी कोणी विकत नव्हतं.

मग एका ड्रायव्हरने सांगितलं की जासईला एक उभी आहे. पोरगा ॲक्सिडेंटमध्ये गेला, वर्ष झालं, आता बाप विकायला तयार आहे. "गाडीला काय झालेलं नाय," तो म्हणाला. "गाडी बाजूला घसरली. पोरगा ट्रेलरखाली गेला."

हे ऐकून माणसाच्या पोटात गोळा यायला हवा. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती. आई म्हणाली, मेलेल्या माणसाची वहाण पायात घालू नये, आणि ही तर गाडी. वडिलांनी तिला गप्प केलं. "आपण भूतबित मानत नाही," ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू फक्त ब्रेक सांभाळ."

रविवारी सकाळी मी जासईला गेलो. घर गावाच्या टोकाला होतं, मागे मिठागरं. मिठागरं तेव्हा निम्मी बंद पडली होती, भरावाची लाल माती त्यांच्यावर पसरत चालली होती. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे गावात आले तेव्हा घरोघरी पक्क्या भिंती आणि गाड्या आल्या. या घरात ही आली होती. पडवीत ती एका जुन्या हिरव्या लुगड्याखाली झाकलेली होती. पोराचे म्हातारे वडील लुंगीवर, उघड्या अंगाने बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, लुगडं काढून त्याची नीट घडी केली आणि देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीशेजारून चावी आणून माझ्या हातावर ठेवली.

वर्षभर उभी असलेली गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली. मला नवल वाटलं.

"रोज चालू करतंय मी," ते म्हणाले. "थोरा वेल. मग बंद करतंय."

त्या आवाजाने आजूबाजूच्या चार-पाच घरांतली माणसं दाराशी आली. गाडीवर म्हाताऱ्यांऐवजी मी, त्यांच्या पोराच्याच वयाचा, बसलेला दिसलो. एक बाई तोंडाला पदर लावून आत गेली, मग बाकीचेही गेले आणि सगळी दारं लागली. दिवसाढवळ्या, अकराच्या सुमाराला. पण खाली इतकं सुंदर इंजिन धडधडत होतं की मी तिकडे दुर्लक्ष केलं.

हँडलचा उजवा लिव्हर दाबला तर तो सरळ मुठीला जाऊन टेकला. हाताला काहीच लागलं नाही.

"पुढचा ब्रेक ढिला आहे, काका."

"ऱ्हाऊ दे ढिला." ते झटकन जवळ आले. पुढच्याला ते पुरचा म्हणत. "घेतोस तर घे. पर पुरचा बिरेक लावू नको. उलटा परशील."

"नाही लावणार."

"आमचे पोऱ्याला पन तेच सांगला व्हता." त्यांनी माझं मनगट धरलं. "नको लावू हां."

मला त्यांच्या जागी माझे वडीलच दिसले. मी शब्द दिला आणि अगदी मनापासून दिला. व्यवहार ठरला. कागद मुलाच्या नावावरून आधी बापाच्या नावावर व्हायचे होते, म्हणून सह्या पंधरा दिवसांनी करायच्या ठरल्या. गाडी त्यांनी त्याच दिवशी नेऊ दिली.

कळंबोलीच्या अलीकडे माझ्यापुढचा टेम्पो अचानक थांबला. मी मागचा ब्रेक पायाखाली गच्च दाबला. चाक जागीच अडकलं, पण गाडी थांबली नाही. ती किंचाळत घसरत राहिली, तिची पाठ एका बाजूला फिरली, आणि मी नुसता बसून तो टेम्पो जवळ येताना बघत होतो. हँडल त्याच्या फळकुटाला लागून थांबलं. मागे रस्त्यावर रबराची लांबच लांब काळी रेघ उठली होती.

गाडी ढकलत पनवेलच्या वाटेवर एका मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री मूळचे मुरूडकडचे, कोकणी मुसलमान, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पुढचं चाक उतरवलं, ड्रम उघडला आणि आतले ब्रेक-शू काढून माझ्यापुढे धरले. नवे कोरे होते.

"हे कधी लागलेच नायत," ते म्हणाले. "केबल तुटलेली नाय. कुनीतरी नट मागं फिरवून वर तार बांधलीय. मुद्दाम."

मी त्यांना पुढच्या ब्रेकचं आमचं शास्त्र सांगितलं. ते हसले नाहीत. "ते सायकलचं झालं. आनि सायकलला पन ते खरं नाय. हे बग, गाडी जोरात असली आनि दाबलं की सगळं वजन पुढं येतं. मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक पकडून काय थांबनार? घसरत जानार. थांबवतो तो पुढचाच." मग त्यांनी विचारलं, "गाडी कुनाची?"

मी सांगितलं. पोरगा, ट्रेलर, म्हातारे, मनगट धरून घेतलेला शब्द. सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. मिस्त्रींनी हात पुसले.

"त्या बापाला सांगू नकोस," ते म्हणाले. "काय बी झालं तरी."

त्यांनी तार तोडली, केबल ताणली आणि ब्रेक चालू करून दिला.

घरी वडिलांनी पहिलंच काम केलं ते लिव्हर दाबून बघायचं. "हा घट्ट आहे. ढिला करून आण," ते म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. जे काही कळलं होतं ते सगळं त्यांच्या अंगावर फेकलं. ते खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "त्या माणसाला कोणी सांगणार नाही ना?" मी म्हणालो, नाही. आठवड्याने बघितलं तर सायकलच्या पुढच्या चाकाला ती डब्यातली रबरं लावलेली होती. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

पंधरा दिवसांनी मी गाडी घेऊन जासईला गेलो. सह्या उरणला वकिलाकडे व्हायच्या होत्या. म्हाताऱ्यांनी आधी चहा दिला. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन बसले होते. गाडीकडे बघत ते आपणहूनच बोलायला लागले.

"गारी आनली त्याच दिशी मी तो बिरेक ढिला केला. पोऱ्या माजा कदी आयकला नाय. शाला सोरू नको सांगला, सोरली. ह्या एकाच गोष्टीत आयकला. घट्ट केला नाय त्याना." चहा निवत होता. "ट्रेलर वाटेवरचे यार्डाचे गेटातून उलटा आयला. रस्त्यावर वीस हात काली रेघ व्हती. मी जाऊन बगली. पर तोंड चांगला व्हता त्याचा. झोपल्यासारका. पुरचा लावला असता तं तोंडावर परला असता, आयशीला तोंड पन बगायला मिलला नसता. तेवरा तरी मी केला."

मी "हो काका" म्हणालो. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं तेवढं एकच बरं काम.

उरणला एसटीने जाऊ, असं मी सुचवलं. त्यांना माझ्या मागे बसायचं होतं. "एकदा पन बसलो नाय. त्याना किती येला बोलावला." नाही म्हणायला मला कारण सापडेना. मी मनाशी पक्कं ठरवलं की बैलगाडीच्या वेगाने जायचं आणि उजवी बोटं लिव्हरवर ठेवायचीच नाहीत. ते बसले आणि त्यांनी माझा खांदा धरला. हात मिठागरात काम केलेला, खरखरीत आणि जड होता.

वाट त्याच गेटावरून जात होती, दुसरी नव्हतीच. त्या यार्डातून दिवसभर ट्रेलर उलटे बाहेर यायचे. गेट जवळ आलं तशी त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायला लागली. मी वेग आणखी कमी करणार होतो. तेवढ्यात ट्रेलरचं लोखंडी शेपूट आडवं आलं, ना हॉर्न, ना हात दाखवणारा क्लीनर.

मी काही ठरवलं नाही. दोन आठवड्यांत हाताला सवय लागली होती, हातानेच केलं. गाडीचं नाक खाली दबलं, म्हातारे माझ्या पाठीवर आदळले आणि आम्ही थांबलो. सरळ, रस्त्याच्या मधोमध, ट्रेलरपासून चांगलं बैलगाडीभर अंतर ठेवून.

ट्रेलर वळून निघून गेला. ते खाली उतरले. मला वाटलं घाबरले असतील, पण ते आमच्या मागचा रस्ता बघत होते. ऊन होतं, डांबर कोरडं होतं, आणि त्यावर काही नव्हतं.

"रेघ नाय उठली," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कंचा लावलास?"

"मागचा," मी म्हणालो.

ते पुढे आले. उजवा लिव्हर त्यांनी चार बोटांत धरला आणि दाबला. तो अर्ध्यात जाऊन अडला. त्यांनी तो सोडला, पुन्हा दाबला, आणि तसाच धरून उभे राहिले. बोटं पांढरी पडली तरी सोडेनात. मला सांगावंसं वाटलं की काका, सगळेच असंच समजतात, माझा बापही तसंच समजत होता. पण ते मी सांगितलं नाही. आजही मला त्याची लाज वाटते.

उरणला त्यांनी वकिलाने दाखवलं तिथे सह्या केल्या, सावकाश, एकेक अक्षर जोडून. बाहेर आल्यावर मी म्हणालो, सोडतो घरी. त्यांनी मान हलवली. "यष्टीनं जातो."

स्टँडपर्यंत मी गाडी ढकलत त्यांच्याबरोबर चाललो. एसटी लागली, ते पायरीवर चढले आणि तिथूनच वळले. टोपी हातात होती.

"तू लाव हां," ते म्हणाले. "पुरचाच लाव."

मग कंडक्टरने दार ओढलं आणि एसटी निघाली.