राणीच्या घरचं कार्य

सौदीत अबकैकच्या कॅम्पात आम्ही कोकणातले सुतार एकाच खोलीत राहायचो. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. वडील नव्हते, भाऊ मी एकटाच. रजा मंजूर झाली होती, पेटीत तिचा शालूही घेऊन ठेवला होता. त्याच सुमारास इंग्लंडच्या राणीच्या मुलाचं लग्न निघालं आणि आमच्या इंग्रज साहेबाने सांगितलं, त्या जल्लोषासाठी शुक्रवारी साहेबलोकांच्या क्लबात स्टेज बांधायचं. शुक्रवार म्हणजे आमची हक्काची सुटी.

सगळ्यांत जास्त भडकला तो माझा गाववाला. आम्ही एकाच वाडीतले. माझी आई त्याला मुलगाच मानायची.

"बेचाळीसात माझ्या बापानं ह्यांच्या काठ्या खाल्ल्यान, आणि मी राणीचा मांडव घालू? कोणी जायचा नाय."

त्याने सगळ्यांना आईची शपथ घातली. साहेबाला सांगायचं मात्र मी, कारण मोडकंतोडकं इंग्रजी मलाच यायचं. मी बिनघोर गेलो. आमचा वेल्डर वेल्सचा, म्हणजे राणीच्याच मुलखातला; तो साहेबाच्या तोंडावर म्हणायचा, "लग्न त्यांचं आणि भुर्दंड आम्हाला, मी नाही येत." साहेब ते हसण्यावारी न्यायचा. पण घरच्याने राणीला नावं ठेवणं निराळं आणि माझ्यासारख्याने ठेवणं निराळं. माझं ऐकून साहेब हसला नाही.

शुक्रवारी जागा झालो तर सगळ्या खाटा रिकाम्या. गाववाला क्लबात रंधा मारत होता. दुसऱ्या दिवशी साहेबाने मला बोलावून सुनावलं, बाकीची माणसं चांगली आहेत, त्यांना तूच फितवलंस असं तुझा गाववालाच सांगतो. माझी रजा रद्द झाली आणि ती त्याला मिळाली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तरी शालू मी त्याच्याच हाती पाठवला. दुसरं कोण जाणार होतं?

परत आला तो लाडूंचा डबा घेऊन, डोक्यावर नवी टोपी.

"कानपिळीला भाऊ नको काय? भटजी थांबलेले. मग मीच नवऱ्याचा कान पिळला. ही टोपी त्याच मानाची."

माझ्या हक्काचा मान डोक्यावर घालून तो माझ्यासमोर लाडू खात होता. मला त्याची किळस आली.

वर्षाने घरी गेलो. बहीण माहेरी आली होती. पाणी पुढे केलं, पण माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाली, "दादा, ओव्हरटाइम बरा मिळाला ना? तो म्हणाला, तुला रजा देत होते, तूच नको म्हणालास."

मी तिला इंग्लंडच्या राणीच्या मुलाच्या लग्नाचं सांगू लागलो. ती सगळं ऐकून घेत होती, लहान मुलाची थाप ऐकावी तशी.